शांतीदेवींचा हा जन्म

पुनर्जन्माचा विषय निघाला की घरात, कट्ट्यावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही दोन तट पडतात. एक बाजू गीतेचा आधार देते, दुसरी पुरावा मागते. आणि थोड्याच वेळात एक नाव हमखास निघते, दिल्लीच्या शांतीदेवींचे. मला या वादात एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. त्यांचा मागचा जन्म कोणता, याची एवढी चौकशी झाली. पण त्यांच्या या जन्माचे काय झाले, हे फारसे कोणी विचारले नाही.

शांतीदेवींचा जन्म ११ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत झाला. वडील रंगबहादूर माथुर. चारेक वर्षांची असताना ही मुलगी सांगू लागली, की आपले खरे घर मथुरेत आहे, नवऱ्याचे कापडाचे दुकान आहे आणि आपल्याला एक मुलगा आहे. नवऱ्याचे नाव मात्र ती सांगेना. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. आपल्याकडे त्यासाठी निदान उखाण्याचा आडोसा होता. अखेर नात्यातल्याच बिशनचंद या शिक्षकांनी मथुरेला नेण्याचे कबूल केले, तेव्हा तिने ते त्यांच्या कानात सांगितले : पंडित केदारनाथ चौबे.

बिशनचंदांनी मथुरेला पत्र धाडले आणि उत्तर आले. केदारनाथ चौबे खरोखरच होते, कापडाचे दुकानही होते. त्यांची पत्नी लुगदी बाळंतपणानंतर नऊ-दहा दिवसांनी, ४ ऑक्टोबर १९२५ रोजी, आग्र्याच्या रुग्णालयात वारली होती. वय अवघे तेवीस. आधी केदारनाथांचे चुलतभाऊ येऊन गेले, मग नोव्हेंबर १९३५ मध्ये ते स्वतः दिल्लीला आले. सोबत दुसरी पत्नी आणि लुगदीचा मुलगा. परीक्षा म्हणून केदारनाथांची ओळख त्यांचेच थोरले बंधू अशी करून देण्यात आली. मुलगी फसली नाही, असे सांगतात. मुलाला पाहून तिला रडू कोसळले. हा मुलगा तिच्याहून वर्षाने मोठा होता!

बातमी देशभर पसरली. महात्मा गांधींनी तिची भेट घेतली. पंधरा जणांची समिती नेमली गेली. पत्रकार आणि काँग्रेस नेते देशबंधू गुप्ता तिच्यात होते. त्याच महिन्यात ही मंडळी मुलीला घेऊन मथुरेला गेली. टांग्यातून तिने वाट दाखवली, बुजवलेल्या विहिरीची जागा दाखवली, पैसे पुरले होते ती जागाही दाखवली. तिथे पैसे नव्हते. ते आपणच काढून घेतल्याचे केदारनाथांनी मागाहून कबूल केले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात समितीने पुनर्जन्माच्या बाजूने कौल दिला. बालचंद नाहटा यांनी पुस्तिका लिहून त्यावर आक्षेप घेतले.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. तिथला साधा नियम असा, की सही पडताळायची तर नमुना सही आधीपासून दप्तरी हवी. चेक पुढ्यात आल्यावर नमुना घेऊन चालत नाही. मथुरेची वारी झाली ती दोन्ही कुटुंबांची गाठभेट होऊन गेल्यावर. तेव्हा विहीर आणि पैसे यांवर मी फार भार टाकणार नाही. मात्र नाव-गाव पत्राच्या आधीचे आहे, हा पेच उरतोच. मथुरा दिल्लीहून जेमतेम दीडशे किलोमीटर, व्यापाऱ्यांची जा-ये रोजची. तेवढ्याने तो सुटतो का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढे व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी अशा मुलांच्या अडीच हजारांवर नोंदी गोळा केल्या. त्यांत एक क्रम वारंवार दिसतो. दोन ते पाच वर्षांचे असताना मूल बोलू लागते आणि सात-आठ वर्षांचे झाले की बहुधा विसरून जाते. शाळा, सवंगडी, खेळ यांत ते मागचे घर विरून जाते. शांतीदेवी मात्र विसरल्या नाहीत. कशा विसरणार? विसरण्याच्या वयातच त्यांच्यापुढे समिती, वार्ताहर आणि मथुरेची गर्दी उभी राहिली. नऊ वर्षांच्या पोरीला हजारो लोक दुसऱ्या कोणाच्या नावाने ओळखू लागले. मथुरेतच राहण्याचा हट्ट तिने धरला, पण वडिलांनी तिला परत आणले. दुसरे काय करणार होते ते? आणि त्या दहा वर्षांच्या मुलाला, समोरची ही मुलगी तुझी आई, हे ऐकून काय वाटले असेल, याची नोंद कोणत्या अहवालात करायची?

शांतीदेवींनी लग्न केले नाही. आयुष्यभर माणसे येत राहिली, तेच प्रश्न विचारत राहिली आणि त्या तीच हकीकत सांगत राहिल्या. वयाच्या साठीतही अभ्यासक त्यांच्या मुलाखती घेत होते. २७ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. लुगदीला तेवीस वर्षे मिळाली होती, शांतीदेवींना एकसष्ट. पण लोकांनी विचारले ते त्या तेवीस वर्षांबद्दलच.

आजही एखाद्या घरात असे मूल बोलू लागते. तेव्हा त्याला खोटे पाडू नये आणि डोक्यावरही घेऊ नये. जे बोलेल ते तारीख घालून वहीत उतरवून ठेवावे, वही कपाटात ठेवावी आणि मुलाला खेळायला पाठवावे.