गोऱ्यांची अक्कल जास्त, हे सिद्ध करायला सांगितलं होतं. पुण्याच्या इरावती कर्वेंनी कवट्या मोजून उलटं उत्तर दिलं

इरावती कर्वे म्हटलं की बहुतेकांना युगान्त हे पुस्तक आठवतं. कुणाला पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव माहीत असतं. पण युगान्त लिहायच्या कितीतरी आधी, वयाच्या पंचविशीत त्यांनी बर्लिनमध्ये एक काम केलं होतं. ते काम होतं आनुवंशिकतेचं.

आईबापाकडून मुलांना नाक मिळतं, रंग मिळतो, उंची मिळते. मग अक्कलही वंशावरून ठरते का? या प्रश्नाचं उत्तर काय यायला हवं, ते त्यांच्या गाईडने आधीच ठरवून ठेवलं होतं.

तर ही गोष्ट सुरू होते तेव्हाच्या ब्रह्मदेशात. १५ डिसेंबर १९०५ ला म्यिंजान या गावी इरावतींचा जन्म झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सात वर्षांची झाल्यावर तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. तिथे शकुंतला परांजपेंशी मैत्री झाली आणि त्या मैत्रीमुळे रँग्लर परांजप्यांचं घर हेच इरावतींचं घर झालं. पुस्तकांनी भरलेलं, वाद घालायला मोकळीक असलेलं ते घर होतं.

पुढे फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ मध्ये त्या बी.ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ मध्ये एम.ए. पूर्ण केलं. याच काळात त्यांचं लग्न झालं. नवरा दिनकर कर्वे, फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक. सासरे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे.

आता तुम्ही म्हणाल, बायकांसाठी विद्यापीठ काढणारे सासरे मिळाले म्हणजे पुढची वाट सोपी झाली असेल. पण झालं उलटंच. सुनेने पीएचडीसाठी जर्मनीला जायला अण्णांचा विरोध होता. दिनकर मात्र बायकोच्या मागे उभे राहिले. ते स्वतः जर्मनीत शिकून आले होते. पैशांची सोय जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून झाली. हेच मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

१९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या. ज्या संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला, तिच्या नावातच मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि युजेनिक्स हे तिन्ही शब्द होते. कैसर विल्हेल्म सोसायटीची ही संस्था नुकतीच, १९२७ मध्ये सुरू झाली होती. युजेनिक्स म्हणजे चांगल्या वाणाच्या माणसांनी मुलं जन्माला घालावीत आणि वाईट वाणाच्या माणसांना ती होऊ देऊ नयेत, असं मानणारी विचारसरणी. बियाणं निवडतात तशी माणसं निवडायची, असा तो प्रकार.

संस्थेचे प्रमुख होते प्रोफेसर ऑयगेन फिशर. मेंडेलने वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधले होते. १९०० नंतर त्या नियमांचा जगभर गाजावाजा झाला आणि फिशरने ते थेट माणसांना लावायला घेतले. १९०८ मध्ये तो जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात गेला. तिथल्या रेहोबोथ गावच्या गोऱ्या-काळ्या मिश्र कुटुंबांचा त्याने अभ्यास केला. १९१३ मध्ये त्याचं पुस्तक आलं. असे मिश्र विवाह होऊ नयेत, असा त्याचा एकूण सूर होता.

इरावतीबाईंना याच माणसाने विषय दिला, माणसाच्या कवटीची असमानता.

विषय समजायला सोपा आहे. आपल्या शरीराच्या डाव्या आणि उजव्या बाजू कधीच तंतोतंत सारख्या नसतात. आरशात नीट बघितलं तर चेहऱ्यातही फरक दिसतो. कवटीचंही तसंच. फिशरचा अंदाज होता की गोऱ्या युरोपियन लोकांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, म्हणून त्यांची कवटी जास्त असमान असते आणि म्हणून तर्कबुद्धीत ते इतरांपेक्षा वरचढ असतात. इरावतीबाईंनी मोजमापं घ्यायची आणि हा अंदाज आकड्यांत बसवायचा, अशी अपेक्षा होती.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यात युरोपातल्या माणसांच्या होत्या, तशाच युरोपबाहेरच्याही होत्या. त्या काळी बर्लिनमधल्या संग्रहांत अशा हजारो कवट्या होत्या. वसाहतींमधून, अनेकदा कबरी उकरून त्या आणल्या होत्या. ज्यांच्या त्या होत्या, त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मोजणी झाली, आकडे मांडले आणि निष्कर्ष निघाला तो असा. कवट्या असमान असतात हे खरं, पण त्या सगळ्याच वंशांमध्ये असतात. गोऱ्यांची कवटी जास्त असमान असते, याला काहीच आधार मिळाला नाही. त्यामुळे त्यावर उभी केलेली अकलेची गोष्टही तिथेच संपली.

इरावतीबाईंची परिस्थिती काय होती ते लक्षात घ्या. देश परका, भाषा परकी, डोक्यावर कर्ज आणि पदवी गाईडच्या हातात. गाईडला हवं ते लिहिणं सगळ्यात सोपं होतं. त्यांनी तसं लिहिलं नाही. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली, पण सर्वांत खालच्या श्रेणीत, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढच्या वर्षी प्रबंध छापूनही आला.

या प्रबंधाने फिशर थांबला का? नाही. १९३३ मध्ये हिटलर सत्तेत आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. जर्मन आई आणि फ्रेंच सैन्यातले आफ्रिकी वडील अशा शेकडो मुलांची १९३७ मध्ये जबरदस्तीने नसबंदी करण्यात आली. त्या कामात सल्ला देणाऱ्यांत फिशर होता. त्याच्यानंतर संस्थेचा प्रमुख झालेल्या फेर्शुअरला तर ऑशविट्झच्या छळछावणीतून योझेफ मेंगेले हा डॉक्टर संशोधनासाठी मृतांचे अवयव पाठवत होता.

इरावतीबाई तोवर भारतात परतल्या होत्या. काही वर्षं त्यांनी मुंबईत महिला विद्यापीठाचा कारभार पाहिला. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि त्या तिथे रुजू झाल्या, त्या निवृत्तीपर्यंत.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागते. मोजपट्टी आणि कॅलिपर त्यांनी टाकून दिले नाहीत. महाराष्ट्रभर फिरून वेगवेगळ्या जातींच्या माणसांची उंची, डोकं, नाक त्या मोजत राहिल्या. माणसांना अशा मोजमापांवरून गटात बसवणं हे शास्त्र फिशरच्याच पिढीचं. त्यावर आजचे अभ्यासक टीका करतात आणि ती योग्यही आहे.

पण त्या आकड्यांतून त्यांनी काय काढलं, तेही बघायला हवं. कुंभार म्हणजे एक जात, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रात कुंभारांचे अनेक गट आहेत. कुणाचं चाक वेगळं, कुणाची भांडी घडवायची पद्धत वेगळी आणि एका गटाची सोयरीक दुसऱ्यात होत नसे. ब्राह्मणांचंही तसंच. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत इरावतीबाईंनी एकाच दर्जाच्या आठ गटांची जैविक तुलना छापली, असे गट की जे लग्नं आपापसातच करतात.

त्यांचे गुरू घुर्ये यांचं मत होतं की मोठ्या जाती फुटून पोटजाती झाल्या. इरावतीबाई म्हणाल्या, नेहमीच तसं नाही. अनेकदा वेगवेगळे गट आधीपासूनच होते, एकच धंदा करतात म्हणून त्यांना एक नाव मिळालं.

याचा आनुवंशिकतेशी काय संबंध? लग्नं गटातच होत राहिली की जनुकंही त्याच गटात फिरत राहतात. काही पिढ्यांनी दोन शेजारी गटांत थोडा फरक दिसू लागतो. हा फरक लग्नाच्या नियमांनी तयार केलेला असतो. त्यावरून कोण वरचं आणि कोण खालचं, हे ठरत नाही.

११ ऑगस्ट १९७० ला इरावतीबाई गेल्या. १९७२ मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांचा अभ्यास करून दाखवलं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकापैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजाच्या आत असतो. वंशांमधला फरक त्यामानाने अगदी थोडा. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी भारतीयांचा डीएनए तपासला. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले जवळपास सगळे गट एकमेकांत मिसळले होते, गटातच लग्न करण्याची सक्ती त्यानंतर घट्ट झाली, असं त्यातून पुढे आलं.

बर्लिनमधली ती इमारत आजही उभी आहे आणि आता तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. २०१४ मध्ये तिच्याजवळ खोदकाम करताना माणसांची हाडं सापडली. नंतरच्या खोदकामात एकूण सुमारे १६ हजार तुकडे निघाले. ती कुणाची, कुठल्या वंशाची, हे आणखी तपासायचं नाही, असं ठरलं. पीडित समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून घेतलेला तो निर्णय होता. माणसांची पुन्हा वंशावरून विभागणी नको, म्हणून. मार्च २०२३ मध्ये ती सगळी हाडं एकत्र दफन करण्यात आली.