प्रयोगशाळेतले पाचारण : आर्थर कॉम्प्टन

आपल्या मंडळीत एखादा बुद्धिमान आणि भक्तिमान तरुण दिसला, की वडीलधाऱ्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : हा पुढे देवाच्या सेवेत जाणार का? सेवा म्हणजे व्यासपीठ आणि सुवार्ताप्रसार, हे आपण बहुधा गृहीत धरलेले असते. अमेरिकेतील ओहायो राज्यात वूस्टर नावाचे एक लहान गाव आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील एका घरात हाच प्रश्न निर्माण झाला. त्याचे उत्तर एका दीक्षित पाळकाने दिले, आणि ते आपल्या अपेक्षेहून अगदी निराळे होते.

त्या पाळकाचे नाव एलायस कॉम्प्टन. ते प्रेसबिटेरियन मंडळीचे होते आणि वूस्टर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीत. पत्नी ओटेलिया मेनोनाइट घराण्यातली. मेनोनाइट म्हणजे शस्त्र हाती न धरण्याचा निर्धार पिढ्यान्‌पिढ्या पाळणारी मंडळी. वाचकांनी हे लक्षात ठेवावे, कारण पुढे या गोष्टीला फार अर्थ येणार आहे. या दांपत्याला तीन मुलगे आणि एक मुलगी. तिन्ही मुलगे प्रिन्स्टन विद्यापीठाचे डॉक्टरेट झाले आणि तिघांनीही पुढे विद्यापीठांची धुरा वाहिली. मुलगी मेरी हिचा विवाह सी. हर्बर्ट राइस या मिशनरीशी झाला. ते पुढे लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजचे प्राचार्य झाले.

धाकटा मुलगा आर्थर हॉली कॉम्प्टन १० सप्टेंबर १८९२ रोजी जन्मला. किशोरवयातच त्याने स्वतः ग्लायडर बांधून उडवले आणि १९१० साली हॅले धूमकेतूची छायाचित्रे घेतली. तरीही त्याचे मन सेवाकार्याकडे ओढ घेत होते. पाळक व्हावे की मिशनरी, असा विचार त्याने वडिलांपुढे मांडला, तेव्हा एलायस यांनी त्याला प्रयोगशाळेची वाट दाखवली. त्याच्या अंगचे गुण पाहता विज्ञानाच्या द्वारे तो ख्रिस्ताची अधिक मोलाची सेवा करील, असे त्यांचे मत होते. स्वतः पाळक असलेल्या बापाने असा सल्ला द्यायला केवढी मोकळी श्रद्धा लागते, याचा विचार आपण आईवडिलांनी अवश्य करावा. आर्थरने तो सल्ला पाचारण मानून स्वीकारला.

१९१६ मध्ये प्रिन्स्टनची डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी वूस्टरची सहाध्यायी बेटी मॅक्लॉस्की हिच्याशी विवाह झाला. मिनेसोटा विद्यापीठ, वेस्टिंगहाउस कंपनी, मग १९१९ मध्ये केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा, असा प्रवास करून १९२० साली कॉम्प्टन सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. वय अवघे अठ्ठावीस.

येथे त्यांनी जो प्रयोग केला तो समजून घेण्यासाठी, वाचकहो, आपण क्षणभर अणूच्या आत डोकावू या. अणूच्या मध्यभागी अतिसूक्ष्म केंद्रक असते आणि त्याभोवती इलेक्ट्रॉन असतात. केंद्रकावर धन विद्युत्‌भार, इलेक्ट्रॉनवर ऋण. या विरुद्ध भारांतील आकर्षणाने इलेक्ट्रॉन केंद्रकाशी बांधलेले राहतात. पण हे बंधन सर्वत्र सारखे घट्ट नसते. कार्बनसारख्या हलक्या मूलद्रव्यात ते इतके सैल असते की जोरकस क्ष-किरणांच्या दृष्टीने तो इलेक्ट्रॉन जणू मोकळाच. म्हणून कॉम्प्टन यांनी कार्बनचेच एक रूप निवडले : ग्राफाइट, आपल्या शिसपेन्सिलीतला तो काळा, गुळगुळीत पदार्थ.

ग्राफाइटवर त्यांनी क्ष-किरण सोडले आणि विखुरलेल्या किरणांची तरंगलांबी मोजली. प्रकाश ही निव्वळ लाट असती, तर ती लांबी बदलायला नको होती. ती बदलली. काटकोनात वळलेल्या किरणांची तरंगलांबी ०.०२४ अँगस्ट्रॉमने वाढली होती, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग! एवढ्याशा फरकाकडे कोणी दुर्लक्ष केले असते तरी त्याला दोष देता आला नसता. कॉम्प्टन यांनी बराच काळ जुन्या कल्पनांतच त्याचे उत्तर शोधले. अखेरीस एकच उत्तर उरले. किरण येथे कणासारखा वागत होता. कॅरमची एक सोंगटी दुसरीवर आदळून आपला काही वेग तिला देते, तसा प्रकाशाचा कण इलेक्ट्रॉनवर आदळून आपल्या ऊर्जेचा वाटा त्याला देतो आणि उरलेल्या कमी ऊर्जेनिशी, म्हणजेच वाढलेल्या तरंगलांबीनिशी, दुसऱ्या दिशेने निघून जातो. हिशोब मांडला तो मोजमापाशी तंतोतंत जुळला. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये प्रकाशकणांची कल्पना मांडली होती. बहुतेक शास्त्रज्ञ तिच्याकडे संशयाने पाहत. १९२३ च्या या शोधाने ती मानणे भाग पडले.

हार्वर्डच्या विल्यम ड्युएन यांना मात्र आपल्या प्रयोगात हा परिणाम दिसेना. १९२४ मध्ये टोरांटोच्या परिषदेत दोघांचा मोठा वाद झाला. त्या परिषदेला आपले सी. व्ही. रामन उपस्थित होते. पुढे ड्युएन यांनी आपली चूक शोधून काढली आणि ती उघडपणे मान्य केली. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जो शोध लावला, त्याकडे ते आरंभी कॉम्प्टन परिणामाचे दृश्य प्रकाशातील रूप म्हणूनच पाहत होते. आपण दरवर्षी पाळत असलेल्या राष्ट्रीय विज्ञान दिनामागे हाही एक धागा आहे. कॉम्प्टन यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक सी. टी. आर. विल्सन यांच्यासह मिळाले.

भारताशी त्यांचा संबंध यापेक्षाही जवळचा होता. १९२६-२७ मध्ये ते लाहोरला, पंजाब विद्यापीठात येऊन राहिले. पुढे शिकागोत त्यांच्या हाताखाली प्यारासिंग गिल या पंजाबी तरुणाने विश्वकिरणांवर संशोधन केले आणि परतून फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन केले. आपल्या मिशन कॉलेजांनी या देशाला दिलेल्या गोष्टींची यादी करताना इंग्रजी भाषा आणि पदव्या एवढ्यावरच आपण थांबतो, प्रयोगशाळा विसरतो.

विश्वकिरण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत होणारा सूक्ष्म मारा. हे किरण प्रकाशाच्या जातीचे आहेत, असे रॉबर्ट मिलिकन यांचे ठाम मत होते. हे मिलिकनही पाळकाचेच पुत्र आणि नोबेल विजेते! कॉम्प्टन यांनी १९३० नंतर जगभर मोजणीपथके धाडली. स्वतः हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, पेरू आणि कॅनडाच्या उत्तरेपर्यंत फिरले. विषुववृत्ताजवळ किरणांची तीव्रता कमी आणि ध्रुवांकडे जास्त आढळली. पृथ्वीच्या चुंबकीय बलाने जे वळतात ते विद्युत्‌भारित कणच असले पाहिजेत. दोन ख्रिस्ती शास्त्रज्ञांचा हा वाद वर्तमानपत्रांतून गाजला, आणि त्यात फारशी सौम्यता नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

या काळात कॉम्प्टन शिकागोत बाप्टिस्ट मंडळीचे डीकन होते. माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावर त्यांनी व्याख्याने दिली आणि १९३५ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. जुन्या भौतिकशास्त्राच्या मते प्रत्येक कणाचे भवितव्य आधीच ठरलेले; मग पाप कोणाचे आणि पश्चात्ताप कशाचा? अणूच्या पातळीवर निसर्गातच अनिश्चितता आहे हे १९२७ मध्ये हायझेनबर्ग यांनी दाखवले, तेव्हा माणसाच्या निवडीला विज्ञानात जागा उरली, असे कॉम्प्टन यांनी मांडले. यदृच्छा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हा आक्षेप त्यावर घेतला गेला, आणि मलाही तो रास्त वाटतो. पण निवड करणे माणसाच्या हाती आहे, ही त्यांची श्रद्धा त्या युक्तिवादावर अवलंबून नव्हती. तिची कसोटी लवकरच लागणार होती.

केंद्रकाच्या आत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीने बसलेले असतात. सगळे प्रोटॉन धनभारित, म्हणून एकमेकांना दूर लोटणारे. तरी केंद्रक फुटत नाही, कारण अत्यंत जवळच्या अंतरावर त्याहून प्रबळ असे दुसरे बल त्यांना धरून ठेवते. युरेनियमसारख्या जड केंद्रकात ही ओढाताण जेमतेम तोललेली असते. एक न्यूट्रॉन आत शिरला की तोल जातो, केंद्रक दुभंगते, ऊर्जा बाहेर पडते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते पुढची केंद्रके फोडतात. हीच साखळी प्रक्रिया. तिचा बॉम्ब होऊ शकेल का, हे तपासणाऱ्या समितीचे अध्यक्षपद १९४१ मध्ये कॉम्प्टन यांच्याकडे आले. हिटलरचे शास्त्रज्ञ याच मार्गावर आहेत, अशी धास्ती होती. समितीने होकार दिला, आणि शिकागोतील गुप्त प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली.

१९४२ च्या उन्हाळ्यात ते मिशिगनमध्ये सरोवराकाठी सुट्टीवर असताना ओपेनहायमर त्यांना भेटायला धावत आले. बॉम्बच्या उष्णतेने साऱ्या पृथ्वीचे वातावरण आणि सागर पेट घेतील का, अशी शंका गणितातून निघाली होती. तसे होणार नाही याची खातरी पटल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे कॉम्प्टन यांनी ठरवले. त्यापेक्षा नाझींची गुलामी पत्करली. पुढच्या गणिताने ती भीती दूर केली.

न्यूट्रॉन मंद झाले तरच साखळी टिकते, आणि त्यांना मंद करण्यासाठी निवडला गेला तोच पदार्थ : ग्राफाइट. वीस वर्षांपूर्वी एक छोटा तुकडा पुरला होता. आता विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या सज्जाखाली सुमारे ३५० टनांच्या विटांचे ५७ थर रचले गेले आणि त्यांत ४० टनांहून अधिक युरेनियम व त्याचे ऑक्साइड बसवले गेले. एन्रिको फर्मी प्रयोगाचे सूत्रधार होते. भर शहरात हा धोका पत्करण्याचा निर्णय कॉम्प्टन यांचा. त्यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांना विचारलेच नाही. विचारले तर त्यांना नकारच द्यावा लागेल आणि तो नकार चुकीचा ठरेल, असे त्यांना वाटले. २ डिसेंबर १९४२ रोजी दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी मानवनिर्मित साखळी प्रक्रिया प्रथमच स्वतःच्या बळावर चालू राहिली. तिची शक्ती होती अर्धा वॅट.

मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला. ज्या भीतीपोटी हे काम सुरू झाले ती उरली नव्हती. ३१ मेच्या बैठकीत, कोणाचा जीव न घेता बॉम्बचे नुसते प्रात्यक्षिक दाखवता येईल का, हा प्रश्न कॉम्प्टन यांनीच युद्धमंत्री स्टिमसन यांच्यापुढे काढला. बॉम्ब फुटलाच नाही तर? जपानने त्या जागी युद्धकैदी आणून ठेवले तर? असे आक्षेप निघाले आणि तो विषय मागे पडला. जूनमध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतील जेम्स फ्रँक आणि सहकाऱ्यांनी शहरांवर बॉम्ब टाकू नये, असा अहवाल लिहिला. कॉम्प्टन यांनी तो स्वतः वॉशिंग्टनला पोचवला. पण सोबत आपले पत्र जोडले, की युद्ध लांबल्यास जाणाऱ्या प्राणांचा विचार यात झालेला नाही. काही दिवसांनी चार शास्त्रज्ञांच्या सल्लागार मंडळाने कळवले, की प्रत्यक्ष लष्करी वापराला मान्य करण्याजोगा पर्याय दिसत नाही. त्या चौघांत कॉम्प्टन होते. जुलैमध्ये प्रयोगशाळेतील १५० जणांचे मत घेतले गेले, तेव्हा जपानमध्ये आधी मर्यादित प्रात्यक्षिक करून शरणागतीची पुन्हा संधी द्यावी, या बाजूने सर्वाधिक, म्हणजे ६९ जण होते. लिओ झिलार्ड यांचा ७० सह्यांचा विनंतीअर्जही कॉम्प्टन यांच्याच हातून वर गेला. त्यांनी कोणाचा आवाज दाबला नाही. स्वतःचे मतही बदलले नाही.

वाचकहो, येथे मला आपल्याबरोबर थोडे थांबावेसे वाटते. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी. दुसऱ्या बॉम्बमधील प्लुटोनियम शिकागोच्या त्या काळ्या विटांतून जन्मलेल्या अणुभट्ट्यांत तयार झाले होते. तो सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी उराकामी या भागावर फुटला. शतकानुशतकांचा छळ सोसून, लपूनछपून ख्रिस्तावरील विश्वास जपलेल्या जपानी बांधवांची ही वस्ती. त्यांचे भव्य मंदिर स्फोटकेंद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होते आणि त्या वेळी काही जण आत पापनिवेदनासाठी आले होते. त्यांपैकी कोणी वाचले नाही. मेलेले ख्रिस्ती होते म्हणून ते मरण अधिक दुःखाचे, असे मी म्हणत नाही. हिरोशिमाची मुलेही त्याच देवाची. पण मेनोनाइट आईच्या या मुलाने ते वृत्त वाचले असेल तेव्हा त्याच्या प्रार्थनेत कोणते शब्द आले असतील, हा विचार मला सोडत नाही.

त्यांनी पश्चात्ताप केला, असे लिहिता आले असते तर हा लेख सोपा झाला असता. त्यांनी तो केला नाही. १९५६ मध्ये त्यांनी आपली सारी हकीकत प्रसिद्ध केली आणि निर्णय योग्यच होता, युद्ध लवकर संपून दोन्ही बाजूंचे असंख्य जीव वाचले, हे मत कायम ठेवले. मार्च १९४५ मध्ये साध्या आगलावू बॉम्बांनी एका रात्रीत टोकियोतील सुमारे एक लाख माणसे मारली होती, हे विसरून त्यांचा न्याय करता येणार नाही. तरीही फ्रँक यांचा अहवाल वाचताना मला वाटते, की त्या जूनमध्ये दुसरी वाट दिसत होती, आणि ती दाखवणारी माणसे कॉम्प्टन यांच्याच घरातली होती.

युद्धानंतर त्यांनी सेंट लुईसच्या विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. तेथील पदवी अभ्यासक्रम कृष्णवर्णीयांना १९५२ मध्ये खुले झाले. याबाबत त्यांनी फार धिमेपणा केला ही टीका त्यांच्यावर झाली आणि ती खोटी नाही. विद्यापीठाच्या आवारात भरधाव गाड्या पाहून त्यांनी १९५३ मध्ये रस्त्यावरच्या उंचवट्यांचा आराखडा केला, म्हणजे आपल्याला रोज हादरे देणारे गतिरोधकच! अणूंतील टकरींचा अभ्यासक शेवटी रस्त्यावरच्या टकरी थांबवू लागला.

उराकामीचे मंदिर १९५९ मध्ये पुन्हा उभे राहिले. कॉम्प्टन तेव्हा सेंट लुईसमध्ये शिकवीत होते. १५ मार्च १९६२ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्यांचा देह वूस्टरला नेण्यात आला, आणि ज्या गावात वडिलांनी त्यांना प्रयोगशाळेची वाट दाखवली होती, तेथील दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.