तराजू हाती घेतलेला शास्त्रज्ञ : अँटोनी लॅव्हाझिए



मूलद्रव्य, संयुग, मिश्रण आणि स्थायू, द्रव, वायू हे दोन्ही पाठ मुलं पाठ करतात. पण ही विभागणी ठरवली कोणी आणि कशाच्या आधारावर, हे मात्र सांगायचं राहून जातं. म्हणून आज लॅव्हाझिए यांच्याविषयी.

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे झाला. शिक्षण घेतले वकिलीचे, पण ओढ विज्ञानाची. त्या काळी पृथ्वी, पाणी, हवा आणि अग्नी हीच मूलतत्त्वे मानली जात. पाणी खूप दिवस उकळले की त्याची माती होते, असेही अनेकांना वाटे, कारण भांड्यात खरोखरच गाळ उरायचा.

लॅव्हाझिए यांनी काय केलं? पाणी काचेच्या बंद भांड्यात १०१ दिवस तापवत ठेवलं. आधी आणि नंतर सगळ्याचं वजन केलं. गाळ जेवढा होता, साधारण तेवढंच भांड्याचं वजन घटलं होतं. म्हणजे गाळ पाण्याचा नव्हता, काचेचा होता! डोळ्यांना दिसलं ते एक, तराजूने सांगितलं ते वेगळंच.

पुढे १७८३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की पाणी हे मूलद्रव्यच नाही. ते हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं संयुग आहे. रासायनिक बदलात एकूण वस्तुमान तेवढंच राहतं, हा नियमही त्यांनी अशाच वजनांतून पक्का केला. उष्णता कमी-जास्त झाली की तोच पदार्थ स्थायू, द्रव किंवा वायू होतो, हेही त्यांनी मांडलं.

या कामात पत्नी मारी-अ‍ॅन यांची मोठी साथ होती. त्या इंग्रजी ग्रंथांचा अनुवाद करत, प्रयोगांच्या नोंदी ठेवत, उपकरणांची चित्रे काढत.

१७८९ च्या ग्रंथात त्यांनी ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. ज्याचे आणखी विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य, ही त्यांची कसोटी. गंमत म्हणजे त्या यादीत प्रकाश आणि उष्णताही होती, आणि चुनासुद्धा! पुढे १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी चुन्यातून कॅल्शियम वेगळे केले आणि चुना संयुगांत गेला. यादी चुकली, पण कसोटी टिकली.

लॅव्हाझिए राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत भागीदार होते. त्याच कारणावरून राज्यक्रांतीच्या काळात त्यांना अटक झाली आणि ८ मे १७९४ रोजी वयाच्या ५० व्या वर्षी गिलोटीनवर त्यांचा अंत झाला. सासऱ्यांनाही त्याच दिवशी मृत्युदंड मिळाला. लॅव्हाझिए यांचे उरलेले लेखन पुढे मारी-अ‍ॅन यांनी प्रसिद्ध केले.

आता एक करून बघा. घट्ट झाकणाच्या डब्यात बर्फ ठेवून वजन करा. बर्फ वितळल्यावर डबा बाहेरून कोरडा पुसून पुन्हा वजन करा. अवस्था बदलली, पण पदार्थ तोच आणि तेवढाच, हे मुलांना काट्यावरच दिसेल. व्याख्या त्यानंतर लिहून द्या. आधी मोजणं, मग नाव देणं, लॅव्हाझिए यांनीही हेच केलं होतं.