बेटावरचे नारायण महाराज

दत्तजयंती जवळ आली, की आमच्या शिरूर तालुक्यातून न्हावऱ्याच्या रस्त्याने केडगावकडे जाणाऱ्यांची वर्दळ वाढते. कुणी मोटारसायकलवर, कुणी टेम्पोतून, कुणी एसटीने. पारगावला भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. दोन्ही बाजूला ऊस, मधूनमधून गुऱ्हाळं, त्यांच्या धुराचा तो गोडसर वास, आणि मग केडगाव. (नगरजवळचं केडगाव वेगळं, ते रेणुकामातेचं. लांबून येणारी मंडळी नेहमी घोटाळा करतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.) दौंड तालुक्यातलं हे केडगाव दत्तभक्तांना ठाऊक आहे ते बेटामुळे. बेट म्हणजे सद्गुरू श्री नारायण महाराजांचं स्थान.

बेटावर पहिल्यांदा जाऊन आलेली आमच्या गावची तरुण पोरं मला एक प्रश्न हमखास विचारतात. महाराजांची छायाचित्रं पाहिली की त्यांना कोडं पडतं. उंची वस्त्रं, गळ्यात हार, बोटांत अंगठ्या, बसायला चांदीचं आसन. साधूला हे कशाला? टेंबे स्वामी म्हणजे प. प. वासुदेवानंद सरस्वती महाराज त्याच काळातले. 1891 मध्ये संन्यास घेतल्यापासून 1914 मध्ये गरुडेश्वरी देह ठेवीपर्यंत ते दंड-कमंडलू घेऊन पायी हिंडले. शिर्डीचे साईबाबा फाटक्या कफनीत राहिले, साकोरीच्या उपासनी महाराजांनी तर गोणपाट गुंडाळलं. मग केडगावलाच एवढा थाट का? प्रश्न उद्धटपणाचा नाही. आजकाल गुरूच्या नावाखाली जे काही पाहायला मिळतं, ते पाहून पोरं सावध झाली आहेत, आणि तसं सावध असलेलंच बरं. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

महाराजांचा जन्म 20 मे 1885 चा, उत्तर कर्नाटकात, विजापूर-बागलकोटच्या बाजूला. वडील लहानपणीच गेले, पाठोपाठ आई गेली. नरगुंदला आजीने सांभाळलं. पण पोराचं मन घरात रमेना. अजाण वयातच ते घराबाहेर पडले ते कायमचे. एकटा मुलगा, जवळ पैसा नाही, ओळख नाही, वाट दिसेल तिकडे चालायचं आणि कुणी देईल ते खायचं. असे फिरत फिरत ते गाणगापूरला पोहोचले आणि तिथे त्यांची साधना झाली.

इथे जरा थांबतो, कारण पुढचं सगळं गाणगापुरातूनच उगवलेलं आहे असं मला वाटतं.

गाणगापूर भीमेच्या काठी, अमरजेच्या संगमावर. आपल्या पारगावच्या पुलाखालून जाणारं पाणीच पुढे दौंड, सिद्धटेक, पंढरपूर करत तिकडे पोहोचतं. श्रीनृसिंह सरस्वती स्वामी महाराज दुपारी माधुकरीच्या वेळी कुठल्याही रूपात भिक्षेला येतात, अशी तिथली श्रद्धा आहे. त्यामुळे दारात येईल त्याला वाढायचं. भिकारी असो, वेडा असो, परधर्माचा असो. मी स्वतः तिथे झोळी घेऊन पाच घरं मागितली आहेत. वाढणारी बाई आपल्याकडे ज्या नजरेने बघते, ती नजर माणूस विसरत नाही. एरवी गावात मान असलेला माणूसही तिथे अवघडतो, कारण आपण कोण ते आपल्याला पक्कं माहीत असतं आणि ती तर आपल्यात दत्त बघत असते. आईबापाविना वाढलेल्या त्या मुलाने हे अन्न खाल्लं. लोक आपल्याला दत्तरूप समजून घास देतात, हे त्याने इतक्या कोवळ्या वयात अनुभवलं. पुढे तोच मुलगा देणारा झाला, तेव्हा दारात येणाऱ्याकडे त्याने दुसऱ्या कुठल्या नजरेने बघावं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराज पुणे जिल्ह्यात आले आणि केडगावला स्थिरावले. केडगाव तेव्हा पुणे-दौंड लोहमार्गावरचं एक लहान स्टेशन. दौंडला इंग्रजी कागदांत धोंड म्हणत. पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन याच गावात आधीपासून होतं. 1896-97 च्या आणि पुढे 1900 च्या दुष्काळातल्या शेकडो अनाथ मुली त्यांनी तिथे आणून जगवल्या होत्या. रमाबाईंचा मार्ग निराळा, धर्म निराळा, त्यावर वाद झाले ते झाले. पण त्यांचेही आईवडील दुष्काळातच गेलेले. आईबापाचं छत्र लवकर हरपलेली दोन माणसं एका लहानशा गावात येऊन राहिली आणि दोघांच्याही दारात अन्न शिजत राहिलं, ही गोष्ट केडगावच्या मातीत आहे खरी.

बेटावर दत्तमंदिर उभं राहिलं, आणि मग माणसांचा ओघ सुरू झाला. शेतकरी येत, तसे वकील, डॉक्टर, व्यापारी, सरकारी अधिकारी आणि संस्थानिकही येत. पूजाअर्चा राजेशाही थाटात चाले. सामुदायिक सत्यनारायण आणि अन्नदान ही तर बेटाची ओळखच झाली. भक्तांनी चांदीचं आसन दिलं, महाराज त्यावर बसले. उत्तम वस्त्रं दिली, ती अंगावर घातली. ज्याला स्वतःच्या नावावर काही ठेवायचंच नाही, त्याला आलेलं नाकारायचीही फारशी गरज वाटत नाही. सगळा थाट दत्तप्रभूंचा. देवाला आपण मुकुट घालतो तेव्हा देव हावरा झाला असं कोण म्हणतं?

तरी शंका उरते, हे मला कबूल. ही शंका गुरुचरित्राइतकीच जुनी आहे. नित्य पारायण करणाऱ्यांना तेविसावा आणि चोविसावा अध्याय आठवेल. गाणगापूरच्या राजाने श्रीगुरूंना पालखीत बसवून वाजतगाजत मठात आणलं. कुमसी गावच्या त्रिविक्रम भारतींच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी निंदा आरंभली, की संन्याशाला पालखी कशाला, हा तर दांभिकपणा. श्रीगुरू मग त्याच थाटात, सैन्यासह कुमसीला गेले. त्रिविक्रम भारती पाहतात तो पालखी वाहणारे भोई, घोडेस्वार, शिपाई सगळेच दंडधारी यती दिसू लागले! त्यातले श्रीगुरू कोणते हेच त्यांना उमगेना. या अध्यायाचा चमत्कार म्हणून फार गवगवा होतो. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. पालखीत बसणारा आणि पालखी वाहणारा, दोघांत फरक उरला नाही. थाटाची परीक्षा अशीच करायची असते. आसनावर बसलेल्याला समोरचा माणूस कोण दिसतो?

नारायण महाराजांच्या बाबतीत या परीक्षेचा एक प्रसंग नोंदलेला आहे, आणि तो बेटाबाहेरच्या माणसाच्या चरित्रात आहे म्हणून मला अधिक मोलाचा वाटतो.

साल 1915, महिना एप्रिलचा. पुण्याच्या एका इराणी घरातला मेरवान नावाचा तरुण केडगावला आला. वय एकवीस. डेक्कन कॉलेजात शिकत होता, क्रिकेट आणि कवितांची आवड होती. पण पुण्यातल्या हजरत बाबाजान या वृद्ध फकीर स्त्रीची गाठ पडली, आणि त्यांच्या कृपेनंतर त्याचं सगळं चित्तच उडालं. कित्येक महिने त्याला खाण्याची, झोपेची शुद्ध नव्हती. घरच्यांनी वैद्य-डॉक्टर केले. काहीच लागू पडेना. थोडा सावरल्यावर तो संतांच्या दर्शनाला हिंडू लागला, तो असा केडगावला पोहोचला.

चित्र डोळ्यांसमोर आणा. महाराज चांदीच्या आसनावर बसलेले. समोर दर्शनाला आलेली माणसं. कॉलेज सुटलेला, डोक्यावर परिणाम झाला असं लोक ज्याच्याविषयी म्हणत, असा एक पारशी पोरगा आत येतो. त्याच्यापाशी नाव नाही, देणगी नाही, शिफारस नाही. महाराज आसनावरून उठले, खाली उतरले, त्याचा हात धरून त्याला स्वतःच्या आसनावर बसवलं. स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. मग त्याला आंब्याचा रस प्यायला दिला.

या आंब्याच्या रसापाशी मी नेहमी अडखळतो. आसनावर बसवणं, हार घालणं हा सन्मान झाला, तो राजाही करील. पण रस? चैत्र-वैशाखाच्या उन्हात आगगाडीने आलेल्या दोस्ताला आपण घरात आल्याबरोबर काय देतो? पाणी देतो, आणि घरात असेल तर आमरस. महाराज स्वतः तेव्हा जेमतेम तिशीतले, हे आपण विसरतो. छायाचित्रातला गंभीर चेहरा पाहून त्यांना म्हातारं समजतो. तिशीचा यजमान आणि एकविशीचा पाहुणा, म्हणजे थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ. एक लहानपणी घर सोडून वेड्यासारखा भटकलेला, दुसऱ्याला घरातच वेडा ठरवलेला. त्या पोराची अवस्था महाराजांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हाच तरुण पुढे मेहेरबाबा म्हणून जगभर ओळखला गेला. पण ते पुढे. उपासनी महाराजांजवळ त्याची वाटचाल पुरी झाली ती 1921 च्या सुमारास. त्यानंतर नगरजवळ अरणगावला, आपल्याच दौंड-मनमाड लोहमार्गाच्या कडेला, त्याचं मेहेराबाद वसलं. आपल्या पाच सद्गुरूंत मेहेरबाबांनी नारायण महाराजांची गणना केली. 1915 च्या त्या दुपारी यातलं काहीही लोकांना दिसत नव्हतं. महाराजांना दिसलं असेल असं भाविक म्हणतात, मीही मानतो. पण समजा, कुणी नास्तिक म्हणाला की नव्हतं दिसलं, तर माझ्या मते त्या उठण्याची किंमत आणखी वाढते.

आणखी एक. महाराजांनी त्याला धरून ठेवलं नाही. एवढा मोठा जीव दारात आला, तर त्याला बेटावरच ठेवून घ्यावं, आपला पट्टशिष्य म्हणावं, असा मोह कुणालाही झाला असता. तो त्याच वर्षी शिर्डीला गेला आणि उपासनी महाराजांपाशी पोहोचला. आज आपल्या गुरूचा माणूस दुसऱ्या मठात दिसला तर चार सेवेकरी त्याला समजावायला धावतात. देणगीदारांची रांग वेगळी, पासवाल्यांची वेगळी, आणि शिरसगाव-मांडवगणहून पहाटे निघालेली म्हातारी बाजूच्या कठड्याला टेकून उभी. कुठलं देवस्थान ते लिहीत नाही, वाचणाऱ्याला आपापलं आठवेल.

उत्तरायुष्यात महाराज यज्ञयागांसाठी दक्षिणेत फिरले. 3 सप्टेंबर 1945 रोजी बंगळूर मुक्कामी त्यांनी देह ठेवला. वय साठ. जिथे कानडी मुलखात जन्म, त्याच मुलखात शेवट, आणि मधली चाळीसएक वर्षं आपल्या भीमाकाठाला मिळाली.

दत्तजयंतीला बेटावर जाणाऱ्यांनी दिवस मावळायच्या आत पोहोचावं. जन्माची वेळ प्रदोषकाळची असते, आणि त्या दिवशी चौफुल्यापासूनच वाहनं अडतात. रेल्वेने येणाऱ्यांना केडगाव स्टेशन जवळ पडतं. मंदिरात पाळणा हलला, आरती झाली की पंगती बसतात. आपण वाढायला उभे राहिलो तर मंडळी नाही म्हणत नाहीत. मार्गशीर्षातली थंडी असते, अंगात जाड स्वेटर असला तरी हात गार पडतात, पण आमटीची बादली धरली की ऊब येते.