ॲव्होगॅड्रो : एक उपेक्षित द्रष्टा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर चरित्रनायकाच्या जीवनातच आहे. पदार्थाचे वस्तुमान, आकारमान, घनता आणि त्यातील कणांची संख्या यांची सांगड घालून देणारा हा पुरुष मुळात कायद्याचा पदवीधर होता!

अमेदेओ ॲव्होगॅड्रो याचा जन्म 9 ऑगस्ट 1776 रोजी आजच्या इटलीतील तुरीन शहरी एका सरदार घराण्यात झाला. घरात कायद्याची परंपरा होती. तिला अनुसरून अमेदेओ कायदा शिकला आणि 1796 साली, ऐन विशीत, त्याने धर्मविषयक कायद्यातील डॉक्टरेट मिळविली. वकिलीही सुरू केली. पण मन रमेना. 1800 च्या सुमारास त्याने गणित व पदार्थविज्ञानाचा अभ्यास आरंभिला आणि 1809 साली व्हेर्चेल्ली या गावी तो शिक्षक झाला. पॅरिस-लंडनच्या विद्वत्सभांपासून दूर, अशा ठिकाणी बसून त्याने 1811 साली एक निबंध लिहिला. फ्रेंच भाषेतील हा निबंध पॅरिसच्या एका नियतकालिकात छापून आला.

त्या निबंधात काय होते, हे आपल्या वऱ्हाडातील उदाहरणानेच सांगतो. आमच्या खेड्यात जुनी माणसे धान्य पायलीने मोजतात. बाजार समितीत मात्र ते काट्यावर तोलले जाते. पायली हे आकारमानाचे माप, काटा वजनाचा. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर सरकी यांचे वजन सारखे भरत नाही, कारण त्यांची घनता वेगळी. दाण्यांची संख्याही सारखी नसते. परंतु वायूंच्या बाबतीत ॲव्होगॅड्रोने एक धाडसी विधान केले. तापमान आणि दाब सारखे असतील, तर कोणत्याही वायूच्या एका पायलीत रेणूंची संख्या सारखीच असते! वायूचे रेणू एकमेकांपासून इतके दूर असतात की त्यांच्या लहानमोठेपणाने फारसा फरक पडत नाही.

या एका विधानाने केवढे दार उघडले पाहा! सारख्याच आकारमानाचा ऑक्सिजन हायड्रोजनच्या सुमारे 16 पट जड भरतो. दोहोंत रेणू तितकेच असतील, तर ऑक्सिजनचा एक रेणू हायड्रोजनच्या एका रेणूच्या 16 पट जड असला पाहिजे. जो कण डोळ्यांना दिसत नाही, त्याचे तुलनात्मक वजन केवळ घनतेवरून कळले.

दुसरे कोडेही सुटले. 2 मापे हायड्रोजन आणि 1 माप ऑक्सिजन यांपासून 2 मापे वाफ होते, हे गे-ल्युसॅकने 1808 साली दाखविले होते. ऑक्सिजनचा एक कण दोन कणांत वाटला कसा जातो? ॲव्होगॅड्रो म्हणाला की तो कण एकटा अणू नसून दोन अणूंची जोडी आहे.

येथेच विरोध झाला. सारखे अणू एकमेकांना दूर लोटतात, असे डाल्टनचे मत होते. अणू परस्परविरुद्ध विद्युतभारामुळे जोडले जातात, असे बर्झेलियस मानी. मग सारख्या अणूंची जोडी जमायची कशी? अशा बड्या पंडितांपुढे गावच्या शिक्षकाचे कोण ऐकणार?

ॲव्होगॅड्रोने वाद माजविला नाही की कडवटपणाही धरला नाही. 1820 साली तो तुरीन विद्यापीठात प्राध्यापक झाला. पण 1821 मध्ये तेथे राजसत्तेविरुद्ध उठाव झाला आणि पुढे त्याचे अध्यासनच बंद करण्यात आले. कित्येक वर्षांनी ते परत मिळाले. 1850 साली तो निवृत्त झाला आणि 9 जुलै 1856 रोजी निवर्तला. त्याच्या विचाराचे मोल त्याच्या हयातीत कोणी ओळखले नाही.

त्यानंतर अवघ्या 4 वर्षांनी, 1860 साली, जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. पाण्याचे सूत्र काय, यावरही त्या काळी एकमत नव्हते. कानिझारो या इटालियन प्राध्यापकाने तेथे ॲव्होगॅड्रोचा विचार पुन्हा मांडला. श्रोत्यांत तरुण मेंडेलीव्ह होता. पुढे 1869 साली त्याने जी आवर्तसारणी रचली, तिला या नव्या अणुभारांचा आधार मिळाला.

एका मोलमधील कणांच्या संख्येला ॲव्होगॅड्रोचे नाव जाँ पेरँने 1909 साली दिले. ॲव्होगॅड्रोने स्वतः ही संख्या कधी काढली नव्हती. 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात, एवढी ती प्रचंड आहे. आता हिशेब किती सोपा झाला! पेल्यात 180 मिलिलिटर पाणी आहे. त्याची घनता मिलिलिटरला 1 ग्रॅम, म्हणून वस्तुमान 180 ग्रॅम. पाण्याचा रेणुभार 18. भागाकार केला की 10 मोल. आपल्या जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या पाण्यात मीठही आहे आणि सोडियम कार्बोनेटही. 58.5 ग्रॅम मीठ आणि 106 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट काट्यावर भिन्न, पण दोन्ही एकेक मोलच. काटा जे सांगत नाही, ते मोल सांगतो.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. कोणती शाखा कोणासाठी, हे आमच्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवरून ठरते आणि मग आयुष्यभर दुसऱ्या दाराकडे कोणी पाहत नाही. ॲव्होगॅड्रोने वडिलोपार्जित दार सोडून दुसरे दार ठोठावले. ते दार उघडण्यास 49 वर्षे लागली, आणि उघडले तेव्हा तो उंबरठ्यावर नव्हता. तरीही त्याचा विचार खरा ठरला. मित्रहो, ज्ञान हे कोणत्याही एका शाखेचे वतन नाही, आणि खरे बोलणाऱ्याचे गाव किती मोठे, हे शेवटी कोणी विचारीत नाही. हा धडा मला पदवीइतकाच मोलाचा वाटतो.