विश्लेषण : जमनालाल बजाज यांनी स्वतःच्याच घरातल्या रीती का मोडल्या? वर्ध्याच्या मंदिराचा त्याच्याशी काय संबंध?

बजाज म्हटले की अनेकांना स्कूटर आठवते. पण ज्यांच्यामुळे हे नाव वर्ध्याशी कायमचे जोडले गेले, त्या जमनालाल बजाज यांच्या हयातीत ती स्कूटर नव्हतीच. गांधीजींना वर्ध्यात आणणारे दानशूर शेठजी ही त्यांची ओळख सर्वांना असते. त्यांना सगळ्यात महाग पडलेली गोष्ट मात्र वेगळी होती. दागिना, पडदा, पंगत आणि देऊळ यांच्या रीती त्यांनी मोडल्या, आणि त्याची सुरुवात घरापासून केली.

दत्तक मुलगा वर्ध्यात कसा आला?

जमनालाल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात झाला. वर्ध्याचे श्रीमंत व्यापारी बच्छराज बजाज यांच्या घराला वारस नव्हता. त्यांनी जमनालाल यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतले. आईवडिलांनी मुलाच्या बदल्यात पैसा घेतला नाही, गावासाठी विहीर मात्र बांधून मिळाली, असे सांगितले जाते.

दागिन्यांवरून घर का सोडले?

प्रसंग एका लग्नाचा होता. शेठजींच्या घरातला मुलगा चारचौघांत दागिन्यांनी मढूनच गेला पाहिजे, अशी रीत. सतरा वर्षांच्या जमनालाल यांनी दागिने घालायला नकार दिला. आजोबा भडकले आणि संपत्तीवरून टोचून बोलले. तेव्हा नातवाने इस्टेटीवरचा हक्क सोडत असल्याचे लिहून दिले आणि तो घराबाहेर पडला. त्याच्याकडे दुसरे काहीच नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे. जन्मदात्यांचे घर दत्तकविधानाने सुटले होते आणि हे घर तो स्वतः सोडत होता. आजोबांनी समजूत काढून त्याला परत आणले. १९०७ मध्ये बच्छराज वारले आणि सगळा कारभार जमनालाल यांच्याकडे आला.

इंग्रज सरकारने त्यांना रायबहादूर केले. असहकाराच्या काळात त्यांनी तो किताब परत केला. त्याआधी, १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी, त्यांनी गांधीजींना आपल्याला पाचवा मुलगा मानण्याची विनंती केली होती. पहिल्यांदा दत्तक जाताना त्यांना कोणी विचारले नव्हते. या वेळी एकतीस वर्षांच्या माणसाने आपला बाप स्वतः निवडला.

घरात काय बदलले?

खरी परीक्षा पत्नी जानकीदेवींची होती. मारवाडी सुनेने चेहऱ्यावर घुंगट घेऊनच वावरायचे, आणि अंगावरच्या सोन्यावरून घराची पत ठरायची. १९२० च्या आसपास जानकीदेवींनी पडदा सोडला, सोने उतरवले, रेशीम टाकून खादी धरली. नवऱ्याने भाषण दिले की त्याची वाहवा होते. बायकोने घुंगट काढला तर नातलगांची बोलणी तिला ऐकावी लागतात. पुढे त्या सभांतून इतर बायकांनाही पडदा सोडायला सांगू लागल्या. थोरली मुलगी कमला हिचे लग्न साबरमती आश्रमात साधेपणाने झाले. व्यापाऱ्याच्या घरी थोरल्या मुलीचे लग्न म्हणजे पत दाखवण्याची संधी, ती शेठजींनी सोडून दिली.

मंदिराचे काय झाले?

वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर बजाज घराण्याचेच. ते अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करायचे, हा जमनालाल यांचा निश्चय होता. घरचे देऊळ असूनही काम सोपे नव्हते. विश्वस्तांना राजी करावे लागले, सनातनी मंडळींचा राग ओढवून घ्यावा लागला. जातीच्या बाहेर पंगतीला बसतो म्हणून त्यांच्याच समाजातले अनेक जण आधीच त्यांच्यावर नाराज होते. व्यापारात आणि सोयरिकीत जातीचा शब्द चालण्याच्या त्या काळात ही नाराजी साधी नव्हती. तरीही जुलै १९२८ मध्ये मंदिराचे दार सर्वांसाठी उघडले.

नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मार्च १९३० मध्ये सुरू झाला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये खुले झाले. वर्धा या दोन्हींच्या आधी. फरकही मोठा आहे. नाशिकला ज्यांना बाहेर ठेवले होते तेच हक्क मागायला उभे राहिले. वर्ध्यात मालकाच्या घरातून दार उघडले. दोन्हींना एकाच मापाने मोजता येणार नाही.

शेवटची वर्षे

बजाजवाडीत देशभरातले पुढारी उतरायचे. स्वतः जमनालाल मात्र अखेरीस गोपुरीत झोपडीत राहून गोसेवेचे काम करू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात त्यांचे निधन झाले. पाचच महिन्यांनी, १४ जुलैला, काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्यातच इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला.

गोसेवेचे काम जानकीदेवींनी पुढे चालवले. विनोबांच्या भूदान चळवळीत त्यांनी कूपदान हाती घेतले, म्हणजे गावोगाव विहिरींसाठी दान मागायचे. एकेकाळी घुंगटाआड वावरणाऱ्या जानकीदेवींना १९५६ मध्ये पद्मविभूषण मिळाले.