पीटरचा श्वास

माणूस झोपला तरी त्याचा श्वास आपोआप चालू राहतो. डॉल्फिनचे तसे नाही. पाण्यात राहणारा हा सस्तन प्राणी प्रत्येक श्वास ठरवून घेतो. त्यासाठी तो झोपतोसुद्धा अर्ध्या मेंदूने; उरलेला अर्धा जागा असतो. आज शाळकरी मुलांच्या पुस्तकातही सापडणारी ही गोष्ट माणसाला कळली, तेव्हा तिची किंमत पाच डॉल्फिनांनी मोजली होती.

ते साल १९५५. फ्लोरिडातील मरीन स्टुडिओज या मत्स्यालयात मेंदूचे काही अभ्यासक जमले होते. डॉल्फिनच्या मेंदूचा नकाशा काढायचा म्हणून त्यांनी एकेका प्राण्याला भूल दिली. भूल चढली आणि श्वास थांबला. पाचही गेले. त्या अभ्यासकांमध्ये होते डॉ. जॉन लिली.

लिलींचा जन्म ६ जानेवारी १९१५ चा, अमेरिकेतील सेंट पॉल शहरातला. वडील मोठे बँकर. मुलाने मात्र पैशाची वाट सोडून विज्ञानाची धरली. १९४२ मध्ये ते डॉक्टर झाले; पुढे सरकारी संस्थेत माकडांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून संशोधन करू लागले. १९४९ मध्ये मेन राज्याच्या किनाऱ्यावर वाहून आलेला एक देवमासा त्यांनी पाहिला होता. एवढा मोठा मेंदू करतो तरी काय, हे कुतूहल तेव्हापासून मनात घर करून बसले. बाटलीसारख्या तोंडाच्या डॉल्फिनचा मेंदू सुमारे १६०० ग्रॅम भरतो, माणसाचा साधारण १३५०.

पुढच्या प्रयोगांत लिलींनी पूर्ण भूल टाळली. जागा तेवढी बधिर करून कवटीतून इलेक्ट्रोड आत घातले. ध्वनिफिती ऐकताना त्यांना वाटले, हे प्राणी आपल्या आवाजाची नक्कल करताहेत! त्या एका वाटण्याने त्यांचे आयुष्य बदलले. सरकारी नोकरी सोडून त्यांनी कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर प्रयोगशाळा उभारली. १९६१ मध्ये त्यांचे 'मॅन अँड डॉल्फिन' हे पुस्तक आले आणि गाजले. परग्रहावरच्या जीवांशी बोलायचे तर आधी शेजारच्या जीवाशी बोलून पाहावे, या विचाराने 'नासा'नेही पैसा दिला.

१९६५ मध्ये तिथे एक विलक्षण संसार मांडला गेला. घराच्या खोल्यांत गुडघाभर पाणी भरले आणि मार्गारेट हाउ ही तरुणी पीटर नावाच्या डॉल्फिनसोबत दहा आठवडे राहिली. ओला बिछाना, ओले कपडे, आणि रोज इंग्रजीचे धडे. तिच्या नावातला 'म' पीटरला काही केल्या जमेना. अखेर अंग वळवून, पाण्यात बुडबुडे काढत तो तो आवाज काढू लागला. शब्दांची चाल त्याने उचलली. अर्थ उचलल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

योगायोग असा, की त्याच वर्षी मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या दांपत्याने दाखवून दिले, की प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची वेगळी शीळ असते. जवळजवळ नावच म्हणा ना! इकडे पीटर मात्र माणसाचे नाव घोकत होता.

लिलींचे मन तोवर एलएसडी या अमली द्रव्याकडे वळले होते. काही डॉल्फिनांनाही त्यांनी ते टोचले. पैसा आटला, शाळा मोडली. १९६६ मध्ये पीटरची रवानगी मायामीच्या लहान, अंधाऱ्या टाक्यांत झाली. काही आठवड्यांतच तो गेला. लिलींनी स्वतः फोन करून मार्गारेटला कळवले, की पीटरने आत्महत्या केली. म्हणजे त्याने पुढचा श्वास घेतला नाही. प्राण्याच्या मनातले कोण सांगणार? पण तसे करणे त्याच्या हाती होते, हे लिलींइतके कुणाला ठाऊक होते?

पुढे त्यांनी प्रयोगशाळा बंद केली आणि या प्राण्यांना कोंडून ठेवू नये, असे ते सांगू लागले. १९७२ मध्ये अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यामागच्या लोकमतात लिलींच्या पुस्तकांचाही वाटा होता. ३० सप्टेंबर २००१ रोजी, ८६ व्या वर्षी ते वारले.

डॉल्फिनबद्दल जगाला माया वाटू लागली, ती बरीचशी या माणसामुळे. ही जमेची बाजू मोठीच आहे. पण खर्चाच्या बाजूला पीटर आहे, आणि ते पाच बिननावाचे आहेत. ज्ञानाचा हिशेब मांडताना ही बाजू कोरी ठेवून चालणार नाही.